सात जणांचं बाकडं

बैठक दहाची. सव्वाअकराला तिघे आले.
दुर्भाटच्या कोमुनिदादचं सागवानी बाकडं
सात वांगडांपुरतं,
चार जागांवर जुन्या वह्या, पोर्तुगीज अक्षरांत झोपलेल्या.

आजोबांना जोण मिळे, बाबांना मिळाला,
आता भावाला मिळतो. तो दुबईत असतो.
मी इथली कारकून.
इतिवृत्त मी लिहिते, त्यात मी नसते.

विषय एकच : सुधारावं की मोडीत काढावं?
घनःश्याम कामती म्हणाले,
"निवडणूक आली की बांधही विकतील.
पंचायतीनं डोंगर कुणाला दिला, बघा!"
खरं आहे.
पंच ब्रिजिदा कुलासो उंबऱ्यावरूनच,
"आणि तुम्हांला कुणी निवडलं?"
तेही खरं.
"ही खाजणं आमच्या पूर्वजांनी उपसली,"
म्हणत कामतींनी भिंतीकडे पाहिलं.
भिंतीला ओल होती.

तेवढ्यात जानू गावडा, गुडघ्यापर्यंत चिखल.
मानशीची फळी कुजली. खारं पाणी भातात चढतंय.
आज पुनव.

खर्चाला ठराव हवा, ठरावाला चौघे हवेत.
जानूनं खोलीतली माणसं मोजली,
माझ्यापाशी येऊन थांबला,
काही बोलला नाही.

मी लिहिलं, बैठक तहकूब.
वह्या जमिनीवर ठेवल्या.
बाकड्याची फळी उचकटायला ब्रिजिदानं हात लावला,
कामतींनी, शिव्या देत का होईना, कंदील धरला.

पुढची बैठक उभ्यानं झाली.
फळी कुणाच्या खाती घालायची,
यावर दुपार गेली.
तो रकाना मी अजून भरलेला नाही.