तारांकित

गेल्या वर्षीचा राज्याचा अहवाल आलाय.
गणित: चांदणी. वाचन: चांदणी. उत्तीर्ण: चांदणी.
खाली बारीक अक्षरांत खुलासा:
दहाहून कमी मुलं असतील तिथे आकडे झाकतो,
कुणी ओळखू येऊ नये म्हणून.

बर्न्समध्ये कोण ओळखत नाही त्यांना?
पंपावर रात्रपाळी करणारा कोल्टर,
मारिसेला, तिच्या कडेवरचं पोर,
आणि पहिला महिनाभर
भिंतीकडे तोंड करून बसलेला ऑडी.

दातांच्या जुन्या दवाखान्यात भरते आमची शाळा.
पटावर नऊ.
एक जण घरी राहिला
की हजेरी अकरा टक्क्यांनी कोसळते
आणि कचेरीतून फोन: काही विशेष कारण?
नाक, मी सांगते. वाहतंय.

ऑक्टोबरच्या एक तारखेला मोजणी.
तपासणीच्या बाईंनी बोट फिरवलं. आठ.
तेवढ्यात कोल्टर आला, बुटांना डिझेलचा वास,
दारातूनच "हजर" म्हणाला
आणि बाकावर डोकं टेकून झोपला.
झोपलेलं मूल धरायचं का,
त्यांच्या नियमात नव्हतं.
धरलं.

मे महिन्यात त्याचं बीजगणित सुटलं, तिसऱ्या खेपेला.
उत्तर वजा चार आलं तेव्हा
पेन्सिल खाली ठेवून विचारलंन्, "वजा चालतं?"
चालतं रे.

हे कुठल्या रकान्यात?

अहवाल फळ्याशेजारी टाचलाय.
मारिसेलाचं पोर चांदण्यांवर बोट ठेवत जातं.
एकाच्या पुढे त्याला अजून येत नाही.
उनो, म्हणतं. उनो.
उनो.