अर्धा माड

हजेरीला मॅडमनी नाव घेतलं, मधल्या नावासकट:
वैजयंती पुरसो गावस.
मी मागं वळून पाहिलं, ही कोण.
बावीस वर्षं मी नुसती सिस्टर.
कधी "अगे सिस्टर", कधी नुसती बेल,
पगाराच्या चिठ्ठीवर एक क्रमांक.
मग दचकून उठले आणि म्हणाले, "येस, सिस्टर!"
वर्ग हसला.
सगळ्यांत उशिरापर्यंत हसली ज्युडित मास्कारेन्यस,
माझ्यासारखीच रात्रपाळी संपवून थेट आलेली,
केसांत अजून टोपीच्या पिना.

बांबोळीच्या पठारावर, इस्पितळाच्या मागल्या अंगाला आमचा वर्ग.
खिडकीतून तो जिना दिसतो
जो मी ऑक्सिजनचं सिलिंडर येईना म्हणून
कितीदा धावत उतरले असेन.
आता त्याच्याकडे बघत उतरवून घेते
माणसाच्या मूलभूत गरजा, एकूण चौदा.
पहिली: श्वास.
इथंच पेन थांबतं. कॉट नंबर नऊ.
"बाये, लिही," ज्युडित ढोसते,
"त्या पाचवीवर पोचल्या."

घरी टेबल एकच.
पोराची बारावीची रसायनं
माझ्या संख्याशास्त्राला कोपर मारतात.
सरासरीपासून कोण किती लांब पडलं
ते मोजायचं असतं म्हणे; त्याला प्रमाण विचलन म्हणायचं.
नवऱ्यानं विचारलं, "पदवीनं पगार किती वाढेल?"
मी आकडा सांगितला.
तो बराच वेळ पंख्याकडे बघत राहिला,
मग म्हणाला, "भात मी लावतो."

पेपरच्या सकाळी ज्युडितनं
बांबोळीच्या खुरसाकडे दोन मेणबत्त्या लावल्या.
"एक तुझी," म्हणाली, "बारीकच घेतली,
पास होण्यापुरती."

प्रकल्पाला विषय मिळाला: वेदनेचं मोजमाप.
तीस रुग्ण, शून्य ते दहा, ठरावीक प्रश्न, ठरावीक क्रम.
माझ्याच वॉर्डात मी फायली छातीशी धरून गेले,
परक्या घरी गेल्यासारखी, युनिफॉर्मशिवाय.
अठरावा रुग्ण इनास बार्रेत, लोटलीचा रेंदेर,
माडावरून पडून कंबर मोडलेला.
"पयलीं उशी मात्शी वयर कर," म्हणाला.
केली. त्याला फॉर्मात रकाना नव्हता.
मग मी पट्टी दाखवली:
शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे याहून जास्त नाहीच.
त्यानं पट्टी उलटी करून पाहिली,
मागं काही लिहिलंय का.
"तुजे आंकडे तुका जाय. म्हाका विचारशी जाल्यार,
आयज अर्दो माड."

काल पूर्ण होता, त्यानं सांगितलं.
पडला त्या दिवशी माडाच्याही वर,
जिथं धरायला झावळ नसते.

मी पाच लिहिले.
समासात, पेन्सिलीनं, अर्धा माड.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांना पेन्सिल दिसली.
"हे माप कुठल्या संदर्भग्रंथातलं?"
"लोटलीतलं," मी म्हणाले,
आणि मग लगेच, "सॉरी, सर."
त्यांनी समासावर लाल रेघ मारली, पण सरळ नाही,
हात मध्येच कुठंतरी थबकल्यासारखी.

निकाल अजून लागायचाय.
काल ऑर्थोत रात्रपाळी.
सकाळी सातला वही घेऊन उभी राहिले,
चार्जला आलेली नवी पोर, प्रज्योती वेळीप,
अजून पदवीचा विचारही न केलेली, विचारते,
"तीन नंबरच्या आजीचं दुखणं कसं आहे?"
माझ्या आधी ज्युडितच बोलली,
पायातले शूज बदलता बदलता, वर न बघता:
"उतरतेय गे. आता झावळ्यांच्या खाली आलीय.
इंजेक्शन आठला. आणि जपून,
खोबणी निसरड्या आहेत."