वरचा मजला

वरचा मजला संस्थेकडे गेला त्या उन्हाळ्यात
जिन्याला पिवळा रंग लागला, अर्ध्यापर्यंतच.
खालच्या सहा पायऱ्या महापालिकेच्या,
त्यांच्यावर अजून पिचकाऱ्यांचा गेरू.
फाटक एकच. पाण्याची टाकी एकच.
वर इंग्रजी, खाली मी.

संस्थेच्या पुण्यात अशा सात शाळा आहेत म्हणे,
सगळीकडे तोच टी-शर्ट, तीच टाळी,
हडपसरला वाजते तशीच जनता वसाहतीत:
दोनदा हातावर, एकदा मांडीवर, की पोरं गप्प.
मी एकदा खाली वाजवून पाहिली.
आदेश खुडे म्हणाला, बाई, डास मारताय का?

मार्चमध्ये सोडत.
अर्ज सगळ्यांचे मीच भरते,
माझं अक्षर चांगलं आहे म्हणून.
सुरेखा नाडे कचऱ्याची गाडी लावून येते,
हातमोजे काखेत धरून उभी राहते,
पेन तुम्हीच धरा म्हणते, माझ्या हातांना वास येतो.
वार्षिक उत्पन्न:
ती माझ्याकडे बघते, मी तिच्याकडे.
शाळा बदलण्याचे कारण:
इथे दोन ओळी मोकळ्या सोडल्यात.
त्या दोन ओळींत मी माझी एकोणीस वर्षांची नोकरी
बसवते,
'प्रगतीसाठी' असं लिहून.

पट होता त्रेचाळीस. मग सव्वीस.
आता अकरा, आदेश आला तर.

सोडतीचा डबा खिचडीचाच होता, घासून आणलेला.
चाळीस जागा, एकशे बारा चिठ्ठ्या.
कोमलचं नाव निघालं नाही
तेव्हा सुरेखा रडली नाही.
डब्यात वाकून पाहिलं तिनं,
तळाला चिकटली असेल म्हणून.

राग धरावा असं त्यांच्यात काही नाही, हीच तर अडचण.
वरची ती तन्मयी मॅडम, तेवीस वर्षांची,
संध्याकाळी सातला गल्ली नंबर सत्तेचाळीस चढते
एका गैरहजर पोरासाठी.
कुत्री भुंकतात. ती चढते.
मी शेवटची चढले होते
तेव्हा तिथे नळ नव्हता आला.

काल मधल्या सुट्टीत निलोफर बागवान खाली उतरली,
गेल्या वर्षीपर्यंत माझी.
सहाव्या पायरीवर कोमलला शेजारी घेऊन बसली.
कोमलचा बी दर वेळी डी होत होता.
अगं, दोघं जेवलेत, निलोफर म्हणाली,
फक्त पोट कुठल्या बाजूला ते बघ.

माझं आहे ते.
'व' उपाशी, 'ब' जेवलेला,
पहिलीच्या प्रत्येक वर्गाला मी हेच सांगत आले.
जेवण माझं,
बाजू तिची तिनं शोधली.

मग माझ्याकडे आली, हळू आवाजात म्हणाली,
बाई, पुढच्या फॉर्मवर हिला माझी बहीण लिहा ना.
बहिणीला चिठ्ठी लागत नाही.

बागवान. नाडे.
माझं अक्षर चांगलं आहे, पोरी,
पण इतकं नाही.