चिंचोका

उदगीरच्या अडतीमागं, पत्र्याच्या शेडात
फाल्गुनापासून चिंच फोडतो आम्ही.
मांडीखाली पोतं, हातात मोगरी,
टरफल एकीकडं, शिरा एकीकडं,
चिंचोके घमेल्यात, त्यांचाही भाव वेगळा.
माझी बोटं आंबलेली, भेगाळलेली,
पण गरात दडलेला चिंचोका न बघता धरतात.

म्हणून त्या दिवशी न्हाणीत
साबणाचा हात डाव्या बाजूला सरकला,
तेव्हा आधी बोटांना कळलं, मग मला.
गरात राहून गेलेला एक.
दाबला की निसटायचा,
इकडून धरावा तर तिकडं.
दुखत नव्हता. त्याचंच वाईट वाटलं.
दुखलं असतं तर कुणाला तरी सांगता आलं असतं.

आणि सांगायचं तरी काय म्हणून?
अंगाच्या त्या भागाला आमच्या घरात नाव नाही.
नुसतं "छातीत" म्हणतात,
आणि छातीत म्हटलं की लोक गॅसची गोळी देतात.

पाळी आली, गेली. तो तिथंच.
दुसरी गेली. तो तिथंच.
सव्वीस वर्षांची मी,
रात्री पडल्या पडल्या हिशोब करायची
पोरगी कुणाकडं राहील.

"कामून गं दैवशाला, मोगरी बोटावर हाणतीस?"
हाजराबीनं विचारलं, आणि मी सांगून टाकलं.
ती "अरे देवा"ही म्हणाली नाही, "काही नसतं गं"ही नाही.
म्हणाली, "सोमवारी बाईडॉक्टर असती. मी येते."

लोहारे मॅडमचे हात गार.
आधी एकमेकांवर चोळून घेतले त्यांनी,
मग दोन्ही बाजू तपासल्या, काखाही चाचपल्या.
घरात आईला, मावशीला कुणाला?
बोंडातून रक्त, पाणी काही येतं?
बोंड असं सरळ म्हणाल्या,
कापसाचं म्हणावं तसं.
मग सोनोग्राफीचा गिळगिळीत थंडावा,
मग बारीक सुई,
मग आठ दिवस, ज्यांचं मी काही सांगत नाही.

फायब्रोअडेनोमा.
अजून नीट म्हणता येत नाही.
"कॅन्सर नाही," मॅडम म्हणाल्या,
आणि पुन्हा म्हणाल्या,
कारण पहिल्यांदा मला फक्त पंखा ऐकू आला होता.
"तुमच्या वयात अशा गाठी पुष्कळजणींना होतात.
कापायची गरज नाही. सहा महिन्यांनी दाखवा,
वाढली, बदलली, तर त्याआधी."
मी विचारलं, "हलते ती साधी, असंच ना?"
त्यांनी पेन खाली ठेवला.
"काहीतरी आहे, एवढंच बोटाला कळतं.
काय आहे, ते बोटाला विचारायचं नाही."

शेडात मी मोठ्यानं सांगितलं सगळं.
मोगऱ्या थांबल्या.
"मग इक की गं तो चिंचोका,"
अयोध्या म्हणाली, "भाव चांगला हाय औंदा!"
आणि आम्ही डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो.

केवळबाई हसली नाही. तराजूपाशी बसते ती,
पन्नाशी कधीच उलटलेली.
सांजच्याला पाण्याच्या टाकीमागं
तिनं माझा हात धरून पदराखाली नेला.

हललं नाही.
वरची कातडी आत ओढलेली,
मोसंबीच्या सालीसारखी.
"चिंचोकाच हाय न्हवं? तुझ्यासारखा?"
माझ्या बोटांना जे वाटलं ते बोटांतच ठेवलं.
हो म्हणाले नाही. नाही म्हणाले नाही.
"कधीपासून?"
"मागल्या साली चिंच फोडीत होतो, तवापासून."

सकाळी दोघींचा रोज बुडाला.
दवाखान्याच्या बाकड्यावर
केसपेपरची घडी घालत, उलगडत
केवळबाईनं एकच विचारलं,
"मॅडमचं हात लई गार असत्यात का गं?"

"असतात," मी म्हणाले.
"पण आधी चोळून घेतात."