टाकी कापायच्या आधी

आधी पाणी भरा, म्हणाला प्रल्हाद नागोसे,
कटरची नळी खांद्यावरून न उतरवता.
काठोकाठ. तीन दिवस राहू द्या. मग बोलवा.
"रिकामी टाकी भरलेल्या टाकीहून खराब, ताई.
आर्वीकडे एकानं तशीच ज्योत लावली,
त्याचं छप्पर लोक अजून शोधून राह्यले."

हजार लिटरची, दगडी ओट्यावर, बोरीखाली,
बाबांच्या परवान्याइतकी जुनी.
कोटा बंद झाला. बाबा चैतात गेले.
ही तेवढी उभी, तोटीला कुलूप लावून.

पाण्याआधी गाळ काढला.
बुडाशी चार बोटं गंज, माती, दोन मेलेल्या पाली,
आणि अजून निळं, अगदी सरकारी निळं,
तीन-साडेतीन लिटर रॉकेल.

वास गावभर गेला.
शेवंता उईके बाटली घेऊन आली:
"चौकटीले वाळवी लागली बाई, वाटीभर दे."
तिला दिलं.
धनपालला दिलं, सायकलच्या साखळीसाठी.
तिसरी कोणाची तरी नवी सून,
पदर दातात, बाटली पदराआड.
कशाला पाहिजे ते तिनं सांगितलं नाही.
तिला म्हटलं, संपलं.
संपलं नव्हतं.

काठी अजून वळचणीला आहे.
बांबूची. एक खाच म्हणजे पन्नास लिटर.
बाबा ती टाकीत बुडवायचे, उजेडात धरायचे,
ओल कुठवर चढली ते वाचायचे,
मी वहीत लिहायची.
माप त्यांच्या हातात, नरसाळं माझ्या.
थेंब सांडला की टोंगळ्यावर टिचकी.

बेबी वाघाडे. तीन माणसांचं कार्ड, दोन लिटर.
तिनं कॅन धरली, मी नरसाळं.
"पुरे ना?" मी विचारलं,
उगाच, माप तर ठरलेलंच असतं.
पुरे, म्हणाली.
सातवी शिकलेली, सही येत होती तिला,
तरी त्या दिवशी वहीत अंगठाच दिला,
हात ओले आहेत म्हणाली.

दोन दिवसांनी पोलिसांनी वही नेली.
परत आली तेव्हा त्या पानाला घडी होती.
पुढच्या महिन्यात तिची सासू कार्ड घेऊन आली,
एक नाव खोडलेलं.
बाबांनी कार्ड पाहिलं. बराच वेळ पाहिलं.
मग माप भरलं.
नरसाळं धरायला मला बोलावलं नाही.
नंतरही कधी नाही.

उरलेलं नाल्यात टाकायचं नाही,
विहिरीकडे तर नाहीच.
आरागिरणीतून दोन पोती भुसा आणला,
त्याला पाजलं,
डब्यात दाबून झाकण ठोकलं.
डबा कुठं न्यायचा, हे तहसिलीत कोणालाच ठाऊक नाही.
नगरपंचायतीतला पोरगा म्हणाला, फोटो पाठवा.
मी फोटो पाठवला.

चौथ्या दिवशी प्रल्हाद आला.
पाण्यावर साय आली होती, मोरपिसासारखी,
ती भुशानं टिपली.
पाणी थोडं थोडं उतरवत त्यानं टाकी आडवी चिरली,
आणि आतून काही निघालं नाही,
नुसता गंज. मी तरी काय बघायला उभी होते?

वरचा भाग अय्युबभाईनं काट्यावर टाकला.
त्र्याहत्तर किलो. चार किलो गंजाचे वजा.
"गंज म्हणजे लोखंडच ना, भाऊ?"
"होतं," तो म्हणाला.

खालचा भाग धनपालनं नेला, गुरांच्या पाण्यासाठी.
राखेनं घासला, सोड्यानं घासला, आठ दिवस उन्हात.
गाय येते, फुरफुरते, मागं सरते.
"होईल सवय," धनपाल म्हणतो.

तोटीखालची हातभर जमीन अजून काळी,
तिथं गवत धरत नाही.
डबा पडवीत आहे, वर पाटा ठेवून.
काल सांजच्याला त्या पोराचं उत्तर आलं.
शब्द एकही नाही,
नुसता अंगठा.