चार पाती

खोक्यात पाती चार,
बाकावर डोळे अकरा.
ओयूनचिमेग काही बोलत नाही, हात धुते.

नवं पातं बुबुळाच्या कडेला टेकतं
आणि आत असतं.
मधलं काही बोटांना कळत नाही.
दुसऱ्या डोळ्यालाही जवळपास तसंच.
तिसऱ्याला मात्र बुबुळ आधी दबतं,
सायीवर उमटावी तशी एक सुरकुती,
मग नाइलाजाने वाट देतं.

नववा डोळा लुव्सानदोर्जचा.
जन्मभर मेंढ्या कापलेला माणूस :
छातीशी बोटभर चीर, हात आत,
गवतावर रक्ताचा थेंब नाही.
निळ्या कापडाखालून म्हणतो,
"पोरी, पातं थकलंय तुझं."

डोळा तर बधिर. ती थांबते.
"कशावरून?"
"श्वासावरून.
बोथट सुरी माणूस
श्वास धरून ढकलतो."

ती चौथं पाकीट फाडते.
यावेळी खरंच काही कळत नाही,
तिला नाही, त्याला नाही.

दार वाऱ्याने उघडतं, गोबीची वाळू उंबऱ्यापर्यंत.
बाहेर दोघं उरलेत.
शेवटची शाळेतली बाई,
दोऱ्याने बांधलेला चष्मा मांडीवर घेऊन
सकाळपासून सगळ्यांना म्हणतेय,
तुम्ही व्हा पुढे.