गॅप सर्टिफिकेट

काचेआड पाच कलमं, टाचणी गंजलेली:
बीएस्सीला संख्याशास्त्र किंवा गणित,
किमान पंचावन्न टक्के,
चार सत्रांत ऐंशी श्रेयांक,
हजेरी पंचाहत्तर टक्के,
आणि शेवटी प्रकल्प, 'प्राथमिक विद्या स्वतः गोळा करून'.
'विदा' म्हणायचं असणार.
कुणी दुरुस्त केलेलं नाही.

हे सगळं माझ्याकडे आहे, किंवा होईल.
सहावं कलम उपाध्ये भाऊसाहेबांनी तोंडी सांगितलं,
चष्म्यावरून बघत:
"मधली नऊ वर्षं कुठं होता?
गॅप सर्टिफिकेट लागंल. स्टॅम्पवर, नोटरीचा शिक्का मारून."

राजवाडा चौकातल्या टायपिंगवाल्याला मजकूर पाठ.
न बघता बडवत होता:
सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की
सदर कालावधीत मी कुठेही प्रवेश घेतला नाही,
कुठेही कामधंदा केला नाही,
घरीच होते.
पहिलं वाक्य खरं आहे, मी म्हटलं.
तो म्हणाला, ताई, सगळ्यांचं हेच असतं.

घरी नव्हते.
बाबांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं त्या साली
मगदुमांच्या अडतीवर त्यांच्या काट्याशेजारी
त्यांच्याच स्टुलावर बसले.
स्टूल एका बाजूला कलतं.
त्याची सवय व्हायला एक हंगाम गेला.

हळकुंड, गड्डा, कणी.
परखी पोत्याच्या पोटात खुपसायची,
तळहातावर येतं ते मूठभर,
आणि त्या मुठीवर अख्ख्या थप्पीचा भाव.
वरचं पोतं नेहमी देखणं.
म्हणून बाबा सांगायचे: खालच्या थरातलं बघ,
भिंतीकडचं बघ,
आणि मालक ज्याच्यापुढं उभा राहतो ते तर बघच.

मुलाखतीत हिंगमिरे मॅडमनी विचारलं,
यादृच्छिक नमुना म्हणजे काय?
मी हे सांगितलं.
त्या लिहिता लिहिता थांबल्या.
"मालकापाठचं पोतं निवडलंत, ते यादृच्छिक नाही."
मग थोड्या वेळाने,
"पण बरोबर आहे."

आधी, माझ्या लहानपणी, सौदा रुमालाखाली व्हायचा.
दोन हात आत जायचे,
बोटं बोटांना काय सांगायची ते बाहेर कळायचं नाही.
मी पायरीवर बसून नुसता कापडाचा फुगवटा बघायची
आणि मनात आकडा धरायची.
दहातले सहा बरोबर यायचे.
अनुमान हा शब्द तेव्हा कुठे माहीत होता.

आता बाबा डाव्या हाताने माझी बोटं दाबतात:
एक म्हणजे पाणी,
दोन म्हणजे चहा,
तीन म्हणजे काय ते अजून कळलेलं नाही.
तीन क्वचितच येतं.

काल वर्ग बघायला गेले.
बावीस वर्षांची पोरं मला शिकवायला आलेली समजून उभी राहिली.
बसा म्हणाले, दुसरं काय म्हणणार.
फळ्यावर मॅट्रिक्स होता, कोपऱ्यात पुसट.
मी विसरलेय, शिकेन.
सौद्याचे वार सोडले तर हजेरी अडुसष्ट टक्के बसते,
वहीच्या मागच्या पानावर काढून पाहिलं.
राहिलेल्या साताचं काय,
ते मगदूम शेठना अजून विचारलेलं नाही.

टायपिंगवाल्याला म्हटलं, घरीच होते हे काढा.
नवा मजकूर म्हणजे वीस रुपये जास्त.
दिले.
'तोलाई' लिहिताना त्याची बोटं पहिल्यांदाच अडली,
काना कुठे, वेलांटी कुठे,
मीच सांगितलं.

भाऊसाहेबांनी कागद दोनदा वाचला.
"हे फॉरमॅटमधी बसत नाही ओ."
मी उभी राहिले.
मागे रांगेत कुणीतरी खोकलं.
त्यांनी कागदाला पंच मारला, फायलीत घालता घालता
नाकाशी नेला.
"राजापुरी?"
म्हटलं, "कणी आहे. कालच्या लॉटची."